मल्टिमीटर कपाटात कशाला ठेवलात?

सातारा जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचं गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे, वीस वर्षं ते डेक, स्पीकर, सेंट्रल लॉक बसवतात. मुलाला बारावी सायन्सला ६१ टक्के पडले. छोट्या विमानांत रेडिओ, इंटरकॉम बसवायचं, त्यांचं वायरिंग करायचं काम शिकायचं, असं तो म्हणतो. वडील लिहितात : ‘विमानच हवं तर पायलट हो म्हटलं, गावाकडची जमीन विकायची तयारी आहे. तो ऐकत नाही. पुण्यातली एक संस्था एव्हिऑनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा, वर्षभराचा डिप्लोमा देते, नोकरीची हमी आहे म्हणतात. परीक्षेपासून त्याचं दुकानात येणं बंद केलंय, मल्टिमीटरही काढून घेतला. माझा जन्म वायरी सोलण्यात गेला, त्याचा जाऊ नये. मार्गदर्शन करावे.’

नमस्कार.

तुमच्या पत्रात ६१ टक्क्यांचा उल्लेख चार वेळा आलाय आणि मुलाचं म्हणणं जेमतेम एका ओळीत. मला टक्क्यांची फारशी चिंता वाटत नाही. तुमचं शेवटचं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं.

वायरी सोलण्यात जन्म गेला, असं तुम्ही लिहिता. त्याच वायरींवर घर चाललं, पोरगं शिकलं आणि त्याच वायरी बघून त्याला हा नाद लागला. तुमच्याकडे गिऱ्हाईक येऊन सांगत असेल, ‘रेस दिली की स्पीकरमधून कुईं आवाज येतो.’ तुम्ही गाडी बघायच्या आधीच मनात म्हणता, अर्थिंगची भानगड आहे.

आता माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. तो वैमानिक प्रशिक्षण केंद्राच्या हँगरमध्ये काम करतो. मी गेलो त्या दिवशी चार आसनी विमानाची तक्रार आली होती, इंजिन वाढवलं की हेडसेटमध्ये शिट्टी वाजते. म्हणजे तुमचंच गिऱ्हाईक, फक्त पंखवालं! पठ्ठ्याने दीड दिवस पॅनेलचं प्लास्टिक उतरवून एकेक वायर तपासली. दोष निघाला हेडसेटची पिन जिथे खुपसतात त्या जॅकमध्ये. तो जॅक विमानाच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याला फायबरचं वॉशर लावतात, ते तडकलं होतं. धातूला धातू लागला, अर्थला दोन वाटा झाल्या आणि अल्टरनेटरची शिट्टी कानात. असली चूक शोधायला जी चिकाटी लागते, ती तुमच्या पोरानं कुठल्या क्लासात मिळवलेली नाही. तुमच्याच काउंटरमागे मिळवलीय. आणि तुम्ही त्याचा मल्टिमीटर काढून घेतलात!

पायलटबद्दल थोडक्यात. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, क्लास वन वैद्यकीय तपासणी लागते, आणि जमीन विकूनही शेवटी नोकरी शोधावीच लागते. ज्याला उडायचं आहे त्याने हे सगळं जरूर करावं. तुमच्या मुलाने तसं म्हटलेलंच नाही. ते तुमचं स्वप्न दिसतंय, आणि त्यासाठी त्याची जमीन विकू नका. हो, त्याचीच, पुढेमागे ती त्याच्याच नावावर जायची आहे.

आता त्या डिप्लोम्याकडे. आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे की ‘एव्हिऑनिक्स’ छापलेलं प्रमाणपत्र हाती आलं की विमानाला हात लावता येतो. तसं नसतं. विमान दुरुस्त करून ‘उडायला हरकत नाही’ अशी सही करायची तर डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स लागतं. रेडिओ, विद्युत आणि उपकरणांच्या कामाला त्यात बी-टू वर्ग आहे. ते लायसन्स कॉलेज देत नाही, डीजीसीए देतं. त्याच्या एकेका विषयाची परीक्षा असते आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. बारावीला भौतिक, रसायन, गणित असलं की या वाटेला लागता येतं. मान्यताप्राप्त कोर्स केला तरी पुढे दोन वर्षं प्रत्यक्ष विमानांवर काम केल्याची नोंद दाखवावी लागते. तोवर तो हाताखाली काम करेल, सही दुसऱ्याची. एक वर्षात हे कुठूनही बसत नाही. तेव्हा त्या संस्थेला एकच विचारा : तुम्हाला सीएआर-१४७ ची (हे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांसाठीचे डीजीसीएचे नियम) मान्यता आहे का, आणि ती बी-टूसाठी आहे का? पुष्कळ ठिकाणी ती फक्त इंजिनवाल्या बी-वनची असते. उत्तरादाखल प्लेसमेंटचे फोटो दाखवले तर चहा पिऊन परत या. सीईटीची वाट चालूच ठेवा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमाही वाईट नाही.

मुलालाही दोन खडे बोल ऐकवायचे आहेत, हे त्याला वाचून दाखवा. फक्त ऑडिओच बसवीन म्हणशील तर आपल्याकडे पोट भरायचं नाही. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी प्रशिक्षणाची छोटी विमानं आहेत, पण ऑडिओ पॅनेल (रेडिओ-इंटरकॉमचा आवाज हेडसेटकडे वळवणारी बटणांची पट्टी) काही रोज बदलत नाहीत. बी-टूवाल्याच्या वाट्याला बॅटरीपासून ऑटोपायलटपर्यंत सगळंच येतं. मोठ्या नोकऱ्या एअरलाइनमध्ये आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पात आहे तसल्या विमान दुरुस्ती केंद्रात असतात. तिथे सही करायची तर त्या-त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

दुसरं, दुकानातल्या काही सवयी सोडाव्या लागतील. पीळ मारून वर टेप गुंडाळणं इथे चालत नाही. वायर ठरलेल्या जातीची, वायरीच्या टोकाचं थिंबल ठरलेल्या पक्कडीनेच दाबायचं आणि ती पक्कडही वेळच्या वेळी तपासून घेतलेली हवी. आवडलं म्हणून नवं इंटरकॉम बसवता येत नाही. त्या विमानासाठी मंजूर नकाशा लागतो, वजनाचा हिशेब पुन्हा करावा लागतो, लॉगबुकात नोंद होते. एवढा जाच का, तर एक उदाहरण. बऱ्याच ऑडिओ पॅनेलमध्ये अशी सोय असते की पॅनेलची वीज गेली तर पायलटचा हेडसेट आपोआप थेट पहिल्या रेडिओला जोडला जातो. तिथे एक वायर चुकीच्या पिनेवर गेली तर रोजच्या उड्डाणात काहीच कळणार नाही. कळेल ते नेमकं पॅनेल बंद पडेल तेव्हा, वर, ढगात.

हे वाचूनही त्याचा उत्साह टिकला तर पुढचं पत्र त्याला लिहू द्या. दुकानात त्याने स्वतः शोधून काढलेला एक बिघाड त्यात लिहायला सांगा, आधी काय वाटलं, काय तपासलं, कुठे चुकला, असा सगळा. ते वाचून बी-टूला घालायचा की नाही ते मी सांगेन. तोवर कपाटाची किल्ली त्याच्याकडे द्या.