बारावी आर्ट्सची मुलगी आणि कॅज्युअल्टीतली नोकरी

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी आर्ट्स, ६१ टक्के. मागच्या पावसाळ्यात तिच्या बाबांची गाडी घसरली. त्या रात्री जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांचं काम तिनं जवळून पाहिलं, तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ हा धोशा. चार वर्षांची डिग्री घराला झेपणारी नाही. तालुक्याच्या गावी एक इन्स्टिट्यूट वर्षभरात ‘इमर्जन्सी नर्सिंग’ शिकवते म्हणे, फी ८५ हजार, वर नोकरीची हमी. मामांचं मत, डिग्री नसेल तर नर्सिंगच्या वाटेला जाऊच नये. आईंचा प्रश्न: काय करावं?

ताई, आधी त्या ८५ हजारांचं बोलू, कारण पुढच्या आठवड्यात पहिला हप्ता भरायचा आहे असं तुम्ही लिहिलंय. भरू नका. तिथे जाऊन एवढंच विचारा: “हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होते का?” हो म्हणाले तर मान्यतेचं पत्र मागा आणि परीक्षा कोणतं मंडळ घेतं तेही विचारा. “सर्टिफिकेट सगळीकडे चालतं हो” असं गोलमाल उत्तर आलं, तर समोर चहा आलेला असला तरी उठा. आपल्याकडे एका वर्षात कुणी नर्स होत नाही. असे कोर्स केलेल्या मुली रुग्णाला उचलणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, स्ट्रेचर ढकलणं ही कामं करतात. ती कामं हलकी नाहीत आणि त्यांच्यावाचून वॉर्ड चालतही नाही. पण ते सहायकाचं काम आहे. काही छोट्या दवाखान्यांत त्याच मुलींच्या हातात इंजेक्शन दिलं जातं, आणि काही बिघडलं की “ती आमची नर्स नव्हतीच” म्हणून हात वर केले जातात. माझ्याकडे अशा दोन मुली रडत आल्या होत्या. त्यांच्याकडे सर्टिफिकेटं होती, नोंदणी क्रमांक नव्हता.

आता मामांचं. डिग्री चांगलीच, त्यात वाद नाही. पण बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. तुमची लेक आर्ट्सची, म्हणजे ते दार आज तिच्यासाठी बंदच आहे. त्यावर घरात भांडण्यात अर्थ नाही. तिचं दार जीएनएमचं, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचं. तीन वर्षांचा डिप्लोमा, कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय हवा आणि किमान ४० टक्के. वय १७ पूर्ण, ३५ च्या आत. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. पास झाल्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि ती परिचारिका व प्रसाविका (बाळंतपण करणारी), दोन्ही म्हणून. सरकारी दवाखान्यात ज्यांना आपण सिस्टर म्हणतो त्यांच्या पदाचं कागदावरचं नाव अधिपरिचारिका, आणि त्या पदाला जीएनएम चालतं. तुमच्या यजमानांच्या त्या रात्रीच्या सिस्टरही जीएनएमच असण्याची शक्यता मोठी आहे. विचारून बघा.

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) म्हणून दोन वर्षांचा कोर्सही असतो, लवकर संपतो म्हणून शेजारीपाजारी तोच सुचवतील. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, उपकेंद्र, गावोगाव फिरणं यासाठी तो उत्तम. कॅज्युअल्टीत उभं राहायचं असेल तर मात्र जीएनएमच.

फीबद्दल. जिल्हा रुग्णालयांना आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या सरकारी नर्सिंग स्कूलांत ती खासगीच्या मानानं फारच कमी असते, पण जागा मोजक्या. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करतानाही तेच लागतात. जून-जुलैत तहसीलला काय गर्दी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. खासगी स्कूल घ्यावं लागलं तर इमारत बघू नका. मुलींना प्रत्यक्ष काम शिकायला कोणत्या दवाखान्यात पाठवतात, तिथे किती खाटा आहेत, अपघाताचे रुग्ण येतात का, हे बघा. रिकाम्या दवाखान्यात तीन वर्षं काढलेली मुलगी शीर शोधायला घाबरते.

लेकीला आणखी एक सांगा. पुस्तकं इंग्रजीत असतात. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आलं की आर्ट्सच्या मुली हबकतात, आणि दिवाळीत घरी आल्या की परत जायचं नाही म्हणतात. तेव्हा तिला घरी ठेवून घेऊ नका. आतापासून रोज दहा शब्द, हाडांची आणि अवयवांची नावं, स्पेलिंगसकट. दुसऱ्या वर्षापर्यंत ती सरावते.

आणि कॅज्युअल्टी? नोंदणी झाल्याबरोबर थेट तिथे नेमणूक मागू नये, असं माझं मत आहे. वर्षभर मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डात काढावं. चांगला असलेला रुग्ण बिघडायला लागतो तेव्हा आधी काय बदलतं, श्वास, रंग, बडबड, की अचानक गप्प होणं, हे वॉर्डातच कळतं. दरम्यान बीएलएस आणि एसीएलएस हे हृदय-श्वास थांबल्यावर काय करायचं याचे छोटे कोर्स करून घ्यावेत; बीएलएसचं कार्ड दोन वर्षांनी नव्यानं घ्यावं लागतं. नोंदणीनंतर वर्षभराचा अनुभव झाला की ‘आपत्कालीन व आपत्ती परिचर्या’ असा एका वर्षाचा मान्यताप्राप्त पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे. बघा, त्या इन्स्टिट्यूटनं नेमकं हेच नाव ओढून आणलंय, फक्त आधीची चार वर्षं गाळून! मामांच्या समाधानासाठी हेही सांगा की जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. डिग्री तेव्हा मिळेल, आणि तोवर ती पगारावर असेल. एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेलाही जीएनएम चालतं, मात्र किमान ५० खाटांच्या दवाखान्यात दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये धरू नये.

१०८ च्या गाडीवर नर्सची नोकरी मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. २०१४ पासून आपल्याकडे ही सेवा आहे, पण महाराष्ट्रात त्या गाडीवर डॉक्टर नेमतात. तिकडे डोळे लावून बसू नका.

आता न आवडणारं. तिनं एक रात्र पाहिली, आणि त्या रात्री तिचे बाबा वाचले. माझ्या आईला घेऊन मी एका कॅज्युअल्टीत सहा तास बसलो होतो. सिस्टरनं आईकडे एक नजर टाकली, “थांबा” म्हणाली आणि मागून आलेल्या विष प्यायलेल्या मुलाकडे धावली. मला राग आला होता. नंतर कळलं की आधी कुणाकडे धावायचं हे ठरवणं हेच तिथलं पहिलं काम. पण माझ्यासारखे रागावलेले नातेवाईक तिला रोज भेटतात. अंगावर धावून जाणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होईल असा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे, तरी रात्री दोन वाजता दारू पिऊन आलेल्या जमावाला कायदा आठवत नाही. शिवाय पोलीस केसची कागदपत्रं, रात्रपाळ्या, आणि कधी कधी दारातच संपलेला माणूस.

म्हणून फॉर्म भरण्याआधी तिला त्याच सिस्टरांकडे न्या. सकाळी आठला नको, तेव्हा पाळी बदलते, ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला देण्या-घेण्यात त्या कुणाशी बोलत नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला जा. तुम्ही बाहेर बाकावर बसा, तिला एकटीलाच आत जाऊ द्या. काय बोलणं झालं ते मला कळवा.