एक रुपयाने नव्हे, एक रुपयावर

प्रश्न : मनमाड–परभणी दुहेरीकरण रखडलं म्हणून आमच्या खासदारांनी लोकसभेत रेल्वेच्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवली. वडील म्हणतात, "आधीच पैसा येईना, अन् हे कपात कामून मागायलेत?" (एक वाचक, सेलू)

उत्तर : ताई, वडिलांचं बरोबर आहे, पण खासदारापुढं दुसरं दारच नसतं. खात्याच्या खर्चाची मागणी राष्ट्रपतींच्या शिफारशीनंच लोकसभेत येते. सदस्य ती मंजूर करील, नाकारील, कमी करील. वाढवता येत नाही. "दुहेरीकरणाला आणखी दोनशे कोटी द्या" ही सूचना अध्यक्ष घेणारच नाहीत. मग शंभर रुपये कमी करा म्हणायचं आणि त्या निमित्तानं क्रॉसिंगला ताटकळणारी आपली गाडी सभागृहात उभी करायची. शंभर रुपये ही नुसती खूण.

काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कापा, असंही सुचवता येतं. आणि धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. परभणीत नवखा वार्ताहर होतो, दिल्लीची बातमी मराठीत करताना "एक रुपयाने कपात" लिहून बसलो. सकाळी चहाच्या टपरीवर एका वकीलसाहेबांनी पेपरची घडी माझ्या कपाशेजारी ठेवली. "बाप्पा, रुपयानं नाही, रुपयावर!" एका प्रत्ययात आख्खं खातं रिकामं होतं, हे तेव्हा कळलं.

कपात मंजूर झाली तर सरकारनं विश्वास गमावला असा अर्थ निघतो, म्हणून सत्ताधारी व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, काढून ती पाडतात. 27 एप्रिल 2010 रोजी इंधन दरवाढीवरून विरोधकांनी कपात सूचना मतदानापर्यंत नेल्या. 201 विरुद्ध 289 मतांनी त्या पडल्या.

बहुतेक सूचनांच्या नशिबी तेवढंही नसतं. चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या सगळ्या मागण्या शेवटच्या दिवशी एकदम मताला टाकतात, उशिरा आलेल्या वऱ्हाडाची पंगत उरकावी तशा. याला गिलोटिन म्हणतात.

तेव्हा खासदार भेटले तर दोनच गोष्टी विचारा. रेल्वेची मागणी चर्चेला आली का? आली असेल, तर त्यांनी चिठ्ठी दिली होती का? कारण नुसती नोटीस पुरत नाही. चर्चा सुरू झाली की सभागृहात हजर असलेल्या सदस्यानं पंधरा मिनिटांत आपल्या सूचनांचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे पाठवावी लागते. ती गेली नाही, तर सूचना मांडलीच गेली नाही.