कोकोपीट धुतलं, तरी टोमॅटोचं बूड काळं का पडतंय?

ह्या महिन्यात बिनमातीच्या शेतीवरचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात.

प्रश्न : आमचं दहा गुंठ्याचं पॉलीहाऊस आहे. मातीत सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) इतके वाढले की सिमला मिरची परवडेना, म्हणून यंदा ग्रो बॅगमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून टोमॅटो लावला. कोकोपीट तीन पाण्यानं धुतलं, ड्रिपमधून 19:19:19 आणि 13:00:45 ही विद्राव्य खतं (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पोटॅशचे टक्के) सोडतोय, रोज सकाळी एकदा तासभर पाणी. झाडं एकदम जोमात, पण पहिल्या दोन घडांतली फळं बुडाशी काळी पडतायत. दुकानदार म्हणतो बुरशी आहे, औषध मारा. मारलं, फरक नाही. — एक शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर : भाऊ, आधी ती फवारणी थांबवा. डाग फक्त फळाच्या बुडाशीच, कोरडा, चामड्यासारखा आणि आत दबलेला आहे ना? मग ही बुरशी नाही, कॅल्शियम कमी पडतंय. नंतर त्यावर बुरशी चढते ती वेगळी, आणि दुकानदाराला तीच दिसते.

आता तुम्ही म्हणाल धुतलं तर होतं. धुतलंत ते बरोबरच, पण धुण्यानं फक्त पाण्यात विरघळणारे क्षार जातात. नारळाच्या काथ्यात पोटॅश आणि सोडियम मुळातच भरपूर, त्यात केरळ-तमिळनाडूकडे नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर अजून भर. ह्यातला बराचसा पोटॅश-सोडियम कोकोपीटच्या कणांना चिकटून बसतो, तो साध्या पाण्यानं सुटत नाही. मग तुम्ही जेव्हा कॅल्शियम सोडता तेव्हा कोकोपीट ते स्वतः धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅश-सोडियम सोडतं, झाड बसतं उपाशी. तुमच्या केसमध्ये तर कॅल्शियम सोडलेलंच नाहीये! 19:19:19 मध्ये कॅल्शियम नसतंच, वर त्यातला बराच नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, तो मातीत चालून जातो कारण तिथं त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात, नव्या कोकोपीटमध्ये ते फार नसतात आणि जादा अमोनिया कॅल्शियमच्या आड येतो. आणि 13:00:45 म्हणजे आधीच पोटॅशनं भरलेल्या बॅगेत अजून पोटॅश.

आत्ता उभ्या पिकात काय करायचं तर 13:00:45 चं प्रमाण खाली आणा, 19:19:19 बंद करा आणि कॅल्शियम नायट्रेट नियमित चालू करा, पण वेगळ्या टाकीतून. सल्फेट आणि फॉस्फेटची खतं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, 12:61:00, 0:52:34 वगैरे, घट्ट द्रावणात कॅल्शियमबरोबर एकत्र आली की पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोक होतात, हे द्राक्षवाल्यांना सांगायची गरज नाही. काळी पडलेली फळं मात्र सुधारणार नाहीत, तोडून टाका, झाडाची ताकद उगाच तिकडं जाते.

पण खतापेक्षाही मला खटकलं ते तुमचं पाणी. सकाळी एकदा तासभर ही मातीची सवय झाली. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं, दुपारी बॅग सुकली की फळापर्यंत ते पोचत नाही, मग तुम्ही कितीही ओता. बॅगेत थोडं थोडं पाणी दिवसातून सहा-आठ वेळा द्यायचं, उन्हाळ्यात अजून जास्त. आता थ्री फेज लाईट पाळीनं येते आणि कधी रात्रीच येते हे आम्हालाही माहितीये, म्हणून एक उंचावरची टाकी नाहीतर लहान सोलर पंप आणि टायमर हे कोकोपीटच्या खर्चातच धरायला हवं होतं. हा खर्च विकणारा कधी सांगत नाही.

एका बॅगेखाली ट्रे ठेवा आणि बाहेर पडलेलं पाणी रोज मोजा. दिलेल्या पाण्यातलं 20-30 टक्के खालून निघालं पाहिजे. जे सोडलं त्याचा ईसी (पाण्यात क्षार किती हे सांगणारा मीटरवरचा आकडा) 2 आणि खालून निघालेल्याचा 3 च्या वर, असं दिसलं तर बॅगेत क्षार साठतायत, पाणी वाढवा. पीएच 5.5 ते 6.5 मध्ये ठेवा. बोअरचं पाणी जड असेल तर ॲसिड लागेलच, आणि जमत असेल तर पॉलीहाऊसच्या पत्र्यावरचं, कागदावरचं पावसाचं पाणी शेततळ्यात घ्या, त्याच्याइतकं चांगलं पाणी विकत मिळत नाही.

प्रश्न : मग पुढच्या वेळी नवीन कोकोपीट आणल्यावर नेमकं करायचं काय? ब्लॉक चांगला आहे हे कसं ओळखायचं, धुताना चहासारखं पाणी निघतं ते थांबेपर्यंत धुवायचं का? — वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : रंगावर जाऊ नका. तो रंग टॅनिनचा, मिठाला रंगच नसतो, पाणी नितळ झालं तरी ईसी चढलेला असू शकतो. एक वाटी भिजलेलं कोकोपीट घ्या, दीड वाटी आरओचं पाणी घाला, अर्धा तास ठेवून फडक्यातून गाळा आणि ईसी मीटर बुडवा. 0.5 च्या आत आला तर ठीक. आणि हो, धुवायच्या पाण्याचाच ईसी 1 असेल तर जन्मभर धुतलं तरी त्याच्या खाली येणार नाही, तेही आधी मोजा.

मग बफरिंग, म्हणजे कणांना चिकटलेला पोटॅश-सोडियम लावणीआधीच कॅल्शियम देऊन सोडवणं. लिटरला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घेऊन त्या पाण्यात कोकोपीट रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी निथळायचं, साध्या पाण्यानं धुवायचं आणि मगच भरायचं. पाच किलोचा ब्लॉक फुगून 70-75 लिटर होतो, टाकी त्या हिशोबानं मोठी घ्या. पिशवीवर ‘लो ईसी’ लिहिलंय म्हणजे बफर केलेलंच आहे असं नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात सरळ विचारा.

प्रश्न : गंगापूर रोडला गच्चीवर पाईपमध्ये लेट्यूस लावलंय, जाळीच्या कपात कोकोपीट भरलं तर सारखा पंप चोक होतो. — एक गृहिणी

उत्तर : ताई, वाहत्या पाण्याच्या पाईपला सुटं कोकोपीट नकोच. रोप ट्रेमध्ये कोकोपीटवर करा, मुळं गच्च धरून गड्डा बनला की अख्खा गड्डा कपात ठेवा आणि बाजूनं मातीच्या भाजलेल्या गोळ्या. पंपाच्या तोंडाला नायलॉनचं कापड बांधा. आतल्या पानांच्या कडा करपत असतील तर तिथंही कॅल्शियमच बघा.

प्रश्न : एक पीक निघालं की कोकोपीट फेकायचं का? — वाचक, निफाड

उत्तर : नाही, रोग नसेल तर दोन-तीन पिकं आरामात निघतात. जुनी मुळं काढा, भरपूर पाण्यानं क्षार खाली उतरवा, मीटर लावा, पुन्हा भरा. जुनं होईल तसं कोकोपीट बारीक होऊन दबतं, हवा कमी खेळते, त्यामुळे पाण्याचे फेरे बदलावे लागतात. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको, त्या दिवसांत बॅग ओलीचिंब राहिली तर मुळं कुजतात, सकाळी ऊन आल्याशिवाय पाणी सोडूच नका. अगदीच कामातून गेलं की धुऊन द्राक्षाच्या बोदावर टाका, पण मर रोग किंवा सूत्रकृमी आलेल्या बॅगांचं कोकोपीट टोमॅटो-मिरचीच्या प्लॉटकडं फिरकूही देऊ नका.