बोलपट आल्यावर हॉलिवूडचे चित्रपटप्रकार कसे घडले?

मूकपटांच्या जागी बोलपट आल्यावर अवघ्या पाच-सहा वर्षांत हॉलिवूडमध्ये संगीतपट, गँगस्टरपट, भयपट आणि संवादांवर चालणारे विनोदी प्रेमपट ठळकपणे पुढे आले. हा योगायोग होता की ध्वनीचा परिणाम, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो ध्वनीचाच परिणाम होता, पण केवळ पात्रे बोलू लागली म्हणून नव्हे. आवाज आणि चित्र वेगवेगळे घेता येतात आणि नंतर हवे तसे जोडता येतात, हे स्टुडिओंना जसजसे उमगत गेले, तसतसा या प्रकारांना आकार येत गेला.

सुरुवातीला परिस्थिती नेमकी उलट होती. वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नव्हे, तर १६ इंची तबकडीवर मुद्रित होत असे आणि एक तबकडी सुमारे ११ मिनिटे, म्हणजे हजार फुटांचे एक रीळ संपेपर्यंत चाले. ऑक्टोबर १९२७ मध्ये याच पद्धतीने आलेला ‘द जॅझ सिंगर’ पहिला बोलपट म्हणून सांगितला जातो; प्रत्यक्षात तो बहुतांशी लिखित संवादांच्या पाट्या असलेला मूकपटच आहे आणि त्यात अल जॉल्सनची गाणी व मोजके बोलणे तेवढे ऐकू येते. संपूर्ण संवादी असा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ १९२८ मध्ये आला. तबकडी मधेच कापता येत नसल्यामुळे अख्खा प्रसंग सलग घ्यावा लागे, आणि दुरून व जवळून अशी दोन्ही चित्रणे मिळावीत म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवावे लागत. त्यांची घरघर मायक्रोफोनने टिपू नये म्हणून कॅमेरा त्याच्या चालकासह एका बंद, कोंदट खोक्यात ठेवला जाई. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत इतक्या सहजपणे फिरणारा कॅमेरा असा जखडला गेला, आणि १९२८-२९ चे कित्येक बोलपट आज रटाळ नाटकासारखे वाटतात ते प्रामुख्याने यामुळे.

ही कोंडी फुटण्यात संगीतपटाचा वाटा मोठा आहे. एमजीएमच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ (१९२९) या चित्रपटातील एक नृत्य पुन्हा चित्रित करण्याचे ठरले, तेव्हा स्टुडिओचे ध्वनिप्रमुख डग्लस शियरर यांनी आवाज आधीचाच ठेवला. तो ध्वनिक्षेपकावर वाजवून फक्त चित्र नव्याने घेण्यात आले. गाणे आधी मुद्रित झालेले असले की कॅमेऱ्याच्या आवाजाची भीती उरत नाही आणि तो कोठेही नेता येतो. ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ (१९३३) मधील बस्बी बर्कली यांच्या नृत्यरचना, ज्यांत कॅमेरा थेट वरून खाली पाहतो आणि नर्तिकांची वर्तुळे फुलासारखी उमलतात, याच मोकळिकीतून आल्या. (आपल्याकडे ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला, तेव्हा नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि वादक चौकटीबाहेर लपून साथ करत, ही पद्धत येथे आणखी काही वर्षे टिकली.)

गँगस्टरपटाबद्दल मला अधिक सांगावेसे वाटते, कारण गुन्हेगारांच्या कथा मूकपटांतही होत्या. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा ‘अंडरवर्ल्ड’ १९२७ चा आहे. मात्र मशीनगनचा खडखडाट, गाड्यांचे टायर घासल्याचा आवाज आणि शहरी गल्ल्यांतली तुटक, उद्धट बोली यांच्याशिवाय तो प्रकार अपुरा होता. विल्यम वेलमन यांच्या ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१) मध्ये जेम्स कॅग्नीचा टॉम आपल्याला वाममार्गाला लावणाऱ्या जुन्या माणसाला ठार करतो, तो प्रसंग मी ध्वनिवापराचा उत्तम पाठ मानतो. तो माणूस जुन्या ओळखीची आठवण द्यावी म्हणून पियानोवर एक गाणे वाजवू लागतो. कॅमेरा त्याच्यावरून सरकून दाराशी उभ्या असलेल्या टॉमच्या मित्राच्या चेहऱ्यावर थांबतो. मग गोळीचा आवाज आणि पियानोच्या पट्ट्यांवर कोसळल्याचा बेसूर गोंगाट फक्त ऐकू येतो. खून पडद्यावर दिसतच नाही, तरी तो अधिक भीषण वाटतो. राज्याराज्यांतील सेन्सॉर मंडळांची कात्री तेव्हा कडक होती, आणि हिंसा चौकटीबाहेर नेण्याची सोय ध्वनीने करून दिली, हाही त्यातला व्यावहारिक भाग होता.

भयपटाने शांततेचा उपयोग ओळखला. युनिव्हर्सलच्या ‘ड्रॅक्युला’त (१९३१) शीर्षकांनंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, त्यामुळे बेला लुगोसीचे हंगेरियन धाटणीचे संथ उच्चार अधिकच परके वाटतात. त्याच वर्षीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये जेम्स व्हेल यांनी बोरिस कार्लॉफच्या राक्षसाला केवळ गुरगुरणे आणि विव्हळणे दिले; अवतीभवती सगळे बोलत असताना ज्याला बोलता येत नाही, त्याचे दुःख बोलपटातच इतके ठळक होऊ शकते.

विनोदाची दिशा मात्र तंत्राइतकीच नियमांनी ठरवली. १९३० मध्ये लिहिलेली नीतिसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याची हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली जुलै १९३४ पासून काटेकोरपणे लागू झाली, आणि स्त्री-पुरुषांमधले आकर्षण उघड दाखवता येईनासे झाल्यामुळे ते शाब्दिक चकमकींत उतरले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आलेल्या फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने वाट आधीच दाखवली होती. हॉवर्ड हॉक्स यांनी ‘हिज गर्ल फ्रायडे’त (१९४०) तर वाक्यांच्या आरंभी आणि शेवटी अनावश्यक शब्द मुद्दाम पेरले, जेणेकरून पात्रे एकमेकांचे बोलणे तोडत राहिली तरी अर्थ हरवू नये.

माझ्या म्हणण्याला वेस्टर्नपट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातील काउबॉयच्या कथांचा प्रकार, उलट बाजूने पुष्टी देतो. त्याचा प्राण उघड्या मैदानात आणि धावत्या घोड्यांत, तर सुरुवातीची ध्वनियंत्रणा बंदिस्त स्टुडिओसाठी बनलेली. ‘इन ओल्ड अ‍ॅरिझोना’ (१९२९) या चित्रपटात फॉक्सने फिल्मवर आवाज मुद्रित करण्याची मूव्हीटोन यंत्रणा बाहेर नेऊन दाखवली, पण तीसच्या दशकाचा बराच काळ हा प्रकार मुख्यतः कमी खर्चाच्या चित्रपटांतच तगून राहिला. मोठ्या स्टुडिओंचा मान त्याला पुन्हा मिळाला तो १९३९ च्या सुमारास, जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’बरोबर.