मीटिंगमध्ये माझं तोंडच उघडत नाही

"मॅडम, मला कामातलं सगळं येतं, पण मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटत नाही." हे मी समुपदेशनाच्या कामात इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचा प्रश्न कोणता येणार, तेही आता ठाऊक असतं: "कॉन्फिडन्स कसा वाढवायचा?" बहुतेकांनी माझ्याकडे येण्याआधी स्पोकन इंग्लिशचा एखादा क्लास करून झालेला असतो. या सगळ्यांसाठी एकीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगतेय आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला. बार्शीकडची, मराठी माध्यमातली, मग पुण्यात इंजिनिअरिंग. रोज सकाळी नऊला प्रॉडक्शन मीटिंग: काल किती पीस निघाले, किती रिजेक्ट झाले, का झाले. ते 'का' तिला अनेकदा आदल्या संध्याकाळीच कळलेलं असायचं. पण हिंदीत बोलू की इंग्लिशमध्ये, 'ड्यू टू' म्हणू की 'बिकॉज ऑफ', असं वाक्य ती मनात जुळवत बसायची आणि ते जुळेपर्यंत गाडी डिस्पॅचवर गेलेली असायची. मग तिचंच कारण दुसरं कुणीतरी सांगून मोकळं व्हायचं. अप्रेझलमध्ये शेरा आला, 'काम उत्तम, पुढाकार कमी'. तो तिला फार लागला.

सुरुवातीच्या भेटींत आमचं बोलणं साधारण असं चालायचं.

"बोललात आणि चुकलात, तर काय होईल?"

"हसतील सगळे."

"हसले. मग?"

"मग कळेलच ना सगळ्यांना, की हिला काही येत नाही. ही इथे चुकून आलीय."

अशा वेळी "छे हो, कुणी हसत नाही" असं मी म्हणत नाही. हसतातही लोक. नुसता धीर दिला तर तो घरी पोचेपर्यंत पुरतो, सकाळी नऊला कामाला येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती माझ्या कामाचा कणा आहे. त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या टोकाच्या विचारातून होतो, असं ती मानते. तिच्या चष्म्यातून पाहिलं तर या मुलीची भीती हसण्याची नव्हतीच. 'माझं वाक्य चुकलं' इथून 'मीच बाद' इथपर्यंत ती एका उडीत पोचत होती, भीती त्या उडीत होती. हे मी तिला दोन-तीनदा समजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि काहीही बदललं नाही.

एकदा मी सहज विचारलं, "तुमच्याकडे एक पीस नापास झाला तर मशीन भंगारात काढता का हो?"

ती जवळजवळ चिडलीच. "असं कसं मॅडम? आधी गेज, म्हणजे मापाचं साधन, बरोबर आहे का ते बघायचं. मग शेवटचा ओके पीस कुठला, तिथपर्यंत मागे जायचं, मधला लॉट बाजूला काढायचा. इन्सर्ट, म्हणजे कापणारा तुकडा, झिजला असेल तर बदलायचा. मशीनचा काय संबंध?" आणि मग कुठला जॉब, कुठली शिफ्ट, ऑपरेटर काय म्हणाला, असं ती पाचेक मिनिटं अखंड बोलत राहिली.

ती थांबल्यावर मी विचारलं, "यातलं कुठलं वाक्य आधी मनात जुळवलं होतंत?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने हसली. तो प्रश्न नेमका त्या क्षणी सुचला, याचं मला अजून बरं वाटतं. एका पीसवरून मशीन बाद ठरत नाही, हा मुद्दा तर तिने स्वतःच मांडला होता. शिवाय बोलताना तिचं लक्ष इन्सर्टवर होतं, स्वतःवर नव्हतं. मीटिंगमध्ये नेमकं उलट व्हायचं. आवाज कापतोय का, कान लाल झालेत का, ही पहारेदारी करण्यातच अर्धं डोकं खर्ची पडायचं. आपली धडधड आपल्याला वाटते तेवढी समोरच्याला दिसत नसते. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भाषण करणाऱ्यांना आधी एवढंच समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणंही सुधारली.

पण समजलं म्हणून भीती जात नाही, करून बघावं लागतं. एलिस स्वतः तरुणपणी भाषणाला घाबरायचे, म्हणून ते एका राजकीय युवक संघटनेसाठी ठरवून भाषणं करत राहिले. लाज वाटेल असं काहीतरी मुद्दाम, पण कुणाला त्रास न देता, करायला लावणं ही त्यांचीच युक्ती. तिला मी स्वारगेटला पाठवलं. साताऱ्याची पाटी लावलेल्या एसटीसमोर उभं राहून कंडक्टरला विचारायचं, "ही गाडी कुठे जाते?"

पुढच्या भेटीत ती सांगत होती, "मॅडम, तो म्हणाला, बोर्ड वाचता येत नाय का? मागचा एक काका हसला पण. मी तिथेच उभी राहिले. मग तो म्हणाला, सातारा, चला, चढा लवकर. आणि लागला तिकिटं फाडायला." हसं झालं होतं आणि ती शाबूत होती. माझ्या दोन-तीन व्याख्यानांनी झालं नव्हतं ते त्या कंडक्टरने फुकटात करून दिलं.

त्यानंतर मीटिंग. तुम्हालाही हेच सांगेन. पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोला, एखादा प्रश्न विचारलात तरी चालेल; थांबाल तसतशी भीती चढत जाते. अख्खं वाक्य लिहून नेऊ नका, वहीत दोन-तीन शब्द पुरे. इंग्लिश अडलं तर हिंदी, नाहीतर मराठी. शॉपफ्लोअरवर तसंही तेच चालतं. मीटिंग संपल्यावर 'मी अशी का बोलले' हे दळण दळण्याऐवजी दोन ओळी लिहा: मी काय बोलले, पुढे काय झालं. लोकांना काय वाटलं असेल, हे त्यात लिहायचं नाही.

तिच्या पहिल्या वाक्यावर प्लँट हेड म्हणाले, "डेटा कुठाय?" तो तिच्याकडे नव्हता. "उद्या देते," म्हणाली, आणि दिला. कौतुक कुणीच केलं नाही. आवाज अजूनही कापतो, पण ती बोलते.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या काढायला हव्यात. साहेब खरोखरच चारचौघांत अपमान करत असेल, तर तुमची भीती अविवेकी नाही. तिथे तक्रारीचा किंवा दुसऱ्या नोकरीचा विचार करा. आणि आदल्या रात्रीपासून झोप उडत असेल, ऑफिसला जाणंच टळत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. काहींना औषधांची जोड लागते, त्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.

हे वाचणाऱ्यांत मीटिंग घेणारेही असतील. शेवटी घड्याळाकडे बघत "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलंत, तर असं माणूस कधीच बोलणार नाही. विषय आदल्या दिवशी कळवा आणि ज्युनिअरला आधी विचारा, साहेबांचं मत येण्यापूर्वी.