वाचकांचे प्रश्न : राउटर डगडगतो, बेअरिंग बदलू का?

प्रश्न : काका, नमस्कार. नंदगडला वडिलांबरोबर देव्हाऱ्यांचं आणि दारांचं काम करतो. नक्षीसाठी घरीच सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कोरायचं मशीन) बनवला. लांबी-रुंदीला एसबीआर 20 रेल (खालून आधार असलेले गोल दांडे) आहेत. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) वर-खाली करायला 12 मिमीचे दोन ब्राइट बार (गुळगुळीत लोखंडी दांडे) आणि एलएम 12 बेअरिंग (दांड्यावर सरकणारी, छऱ्यांची) वापरली. सागावर कमळ कोरताना गोल लांबट येतो, बिट बोटानं ढकललं तरी हलतं. रेलवर सरकणाऱ्या ब्लॉकचे स्क्रू आवळले तर गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारी आडवी कमान) एका टोकाला अडकायलीय. नवीन बेअरिंग मागवू का?

उत्तर : आधी आवळलेले स्क्रू पहिल्यासारखे सैल कर. बेअरिंगचं नंतर बघू. कुठं हलतंय ते सापडल्याशिवाय पाना उचलायचा नाही, हे बेळगावच्या उद्यमबागेत टर्नरची उमेदवारी करताना शिकलो होतो, तरी घरच्या मशीनवर मी तेच विसरलो. माझा राउटर दर पावसाळ्यात डगडगायचा. दोनदा बेअरिंग बदलली. तिसऱ्या वर्षी जुलैत ब्लॉक उघडला तेव्हा कळलं, 18 मिमीच्या एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीत) थेट स्क्रू मारले होते. दमट हवेनं एमडीएफ फुगला होता आणि स्क्रूची पकडच गेली होती. तिथं 10 मिमीची ॲल्युमिनियम प्लेट टाकली, आरपार बोल्ट आणि नायलॉक नट (थरथरीनं सैल न होणारे) घातले. बेअरिंग तीच आहेत, आजही चालतात. तुमच्या खानापूर भागात पाऊस बेळगावपेक्षा जास्त. तुझे ब्लॉक कशावर बसलेत ते पत्रात नाही, तेवढं पहिलं बघ.

मग डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) घे. स्वतःचं नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडून एक दिवस आण. मशीनची वीज काढ. चुंबकी स्टँड बेडवर लोखंडी पट्टीला चिकटव, डायलची टोच बिटाच्या टोकाजवळ टेकव आणि बोटानं ढकलून काटा किती फिरतो ते लिही. तसंच स्पिंडलच्या पकडीवर, मग बेअरिंगच्या घरावर, मग शाफ्टवर, म्हणजे बेअरिंग ज्यावर सरकतं त्या दांड्यावर. खालून वर जाताना आकडा जिथं एकदम उतरतो, त्या दोन जागांच्या मधे झोल आहे.

माझा संशय वर-खालीच्या भागावर आहे, कारण तू ब्राइट बार वापरलास. छऱ्यांच्या बेअरिंगला कडक केलेला शाफ्ट लागतो, साधारण 60 एचआरसीचा (एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप). ब्राइट बार मऊ असतो, त्यावर छरे स्वतःची वाट कोरतात. बारवरून आडवं नख फिरव, चरे लागले तर तो बार गेलाच समज. टोकाला कानस मारून बघ : कडक शाफ्टवर कानस घसरते, मऊ बारला खाते. अशा बारवर नवीन बेअरिंग चढवलं तर पैसे वाया जातील.

एका शाफ्टवरच्या दोन बेअरिंगमधलं अंतरही मोज. ते 60 मिमी असेल, बिटाचं टोक खालच्या बेअरिंगपासून 150 मिमी खाली असेल, आणि वरच्या बेअरिंगमध्ये नुसता 0.05 मिमी खेळ असेल, तर टोकाशी तो 0.12 च्या पुढे जातो. अंतर 120 केलंस तर निम्मा होतो. जागा असेल तर हे नक्की कर, यात खर्च जवळजवळ नाही.

गॅन्ट्री अडकते ती रेल समांतर नसल्यामुळे. एक रेल सरळपट्टी लावून पक्की कर. दुसरीचे बोल्ट हातानं फिरतील इतके ढिले ठेव. गॅन्ट्री एका टोकाला नेऊन तिथले बोल्ट आवळ, दुसऱ्या टोकाला नेऊन तिथले आवळ, मग मधले. त्यानंतरच एसबीआर ब्लॉकच्या बाजूच्या स्क्रूला हात लाव. ब्लॉक एकटा रेलवर ठेवून बोटानं सरकव : खेळ जाईल तिथपर्यंत आवळायचं, खरखर लागली की थोडं मागं यायचं.

नवा शाफ्ट कापून आणलास तर टोकाची धार आधी बोथट करून घे. धारेसकट बेअरिंगमध्ये घुसवलास तर सील फाटतं आणि छरे जमिनीवर सांडतात.