बका, पोका आणि आपला मोह

प्रश्न : जॉब (म्हणजे यंत्रावर घडवायचा भाग) फिक्श्चरमध्ये, म्हणजे तो पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, उलटा बसूच नये म्हणून आमच्याकडे पिन टाकतात. त्याला सगळे 'पोका योक' म्हणतात. आता फलक मराठीत करायचे आहेत. 'मूर्खरोधक' लिहिलं तर चालेल का?

उत्तर : आधी तो उच्चार सुधारा. योक नाही, योके! ट्रेनिंगला येणारे साहेब रोमन अक्षरं वाचून त्याचं बैलाच्या मानेवरचं जू करून टाकतात आणि अख्खी लाइन तेच घोकते. 'योकेरु' म्हणजे टाळणं, चुकवणं. उन्हाला आडोसा तो 'हियोके', भूतबाधा टाळणारा ताईत तो 'मायोके'. म्हणजे तुमची ती पिन दारावरच्या लिंबू-मिरचीची चुलतबहीण. 'पोका' हा शब्द गो आणि शोगी या बैठ्या खेळांतला : एरवी चांगलं खेळणाऱ्याच्या हातून गाफीलपणे पडलेली भलतीच चाल.

'मूर्खरोधक' मात्र मुळीच नको. जपान्यांनी ही चूक आधीच करून निस्तरली आहे. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यानं 1961 साली स्विचच्या जोडणीत स्प्रिंग राहून जाऊ नये म्हणून दोन्ही स्प्रिंगा आधी एका ताटलीत काढून ठेवायची युक्ती केली. ताटलीत एक उरली की समजावं, विसरलो. तेव्हा अशा युक्त्यांना 'बका-योके' म्हणत. बका म्हणजे मूर्ख. 1963 मध्ये आराकावाच्या मोटारबॉडी कारखान्यात हे नाव ऐकून एक कामगार बाई रडू लागली : मी काय इतकी मूर्ख आहे? 'बका'चा 'पोका' झाला तो तेव्हा.

पण खरी गंमत पुढेच आहे. 'बका' हा बहुधा आपला मोह आहे, संस्कृतातला, भ्रम-अज्ञान या अर्थाचा! जपानी लोक तो घोडा आणि हरीण अशा दोन चित्राक्षरांनी लिहितात. मग कुणीतरी पंडित चिनी दरबारातली गोष्ट सांगतो : एका वजिरानं बादशहासमोर हरीण आणून घोडा म्हटलं, वगैरे. गोष्ट झकास, व्युत्पत्ती भिकार. हरणाच्या त्या अक्षराचा चिनी वळणाचा उच्चार 'रोकु' आहे. 'का' हा अस्सल जपानी. अर्धा शब्द चिनी, अर्धा जपानी, आणि गोष्ट म्हणे चीनची! त्यापेक्षा मोह बघा. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे गेलेल्या शब्दांत 'ह'चा 'क' होतो : महाप्रज्ञामधला 'महा' तिथे 'माका' होतो. चिनी 'म'चा जपानीत 'ब' होणं हेही नेहमीचंच. 'कोजिएन' हा त्यांचा मातब्बर कोशही मोहाकडेच बोट दाखवतो. ज्यांना अजून घोडाच हवा आहे त्यांनी खुशाल त्यावर बसावं.

हां, तुमचा फलक. 'प्रमादप्रतिबंधक प्रणाली' असलं काही लिहाल तर ते वाचेपर्यंत शिफ्ट संपेल. माझं मत 'आडकाठी'. आडवी घातलेली काठी. तुमची पिन दुसरं काय करते? कामात आडकाठी करतात म्हणून शब्द वाईट, असं एका परिभाषावाल्या मित्राचं म्हणणं. अहो, पण इथे आडकाठी चुकीला आहे, कामाला नाही! ऑपरेटर तर आत्ताही 'पिन आडवी येते' असंच म्हणत असेल. त्याला विचारून बघा.